आरोग्यसेवेतील सहकार्य : आंतरव्यावसायिक शिक्षणाच्या संशोधनाची चिकित्सा

१

आरोग्यशिक्षणाच्या विचारात गेल्या अर्धशतकात ज्या नव्या संज्ञा रूढ झाल्या त्यांत ‘आंतरव्यावसायिक शिक्षण’ ही एक प्रमुख संज्ञा होय. तिच्या मुळाशी असलेली कल्पना साधी आणि कोणासही पटावी अशी आहे. एकाच रुग्णाच्या सेवेत डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, भौतिकोपचारतज्ज्ञ असे अनेक जण गुंतलेले असतात. परंतु त्यांचे शिक्षण निरनिराळ्या महाविद्यालयांत, निरनिराळ्या ग्रंथांवरून आणि परस्परांच्या कामाची फारशी ओळख न होता पार पडते. शिकताना जे कधी एका बाकावर बसले नाहीत त्यांनी सेवेत रुजू होताच एकदिलाने वागावे, ही अपेक्षा कशाच्या बळावर करावयाची? तेव्हा काही काळ तरी त्यांना एकत्र शिकवावे, म्हणजे पुढे ते एकत्र काम करू शकतील, असा हा विचार आहे.

या विचारास संस्थात्मक मान्यताही मिळत गेली. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९७२ मध्ये आरोग्यपथकाच्या शिक्षणाविषयी विचारविनिमय घडवून आणला. ब्रिटनमध्ये १९८७ साली ‘केप’ ही संस्था याच कार्यासाठी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८८ मध्ये आणि त्यानंतर संघटनेच्या कृतिआराखड्याने २०१० मध्ये हीच दिशा दाखविली. दोन अथवा अधिक व्यवसायांतील व्यक्तींनी परस्परांसह, परस्परांकडून आणि परस्परांविषयी शिकावे, आणि त्यायोगे सहकार्य व सेवेची गुणवत्ता वाढावी, अशा आशयाची केपची व्याख्या आज सर्वत्र प्रमाण मानली जाते.

या विषयावरील वाङ्मय आता विपुल झाले आहे, आणि महाराष्ट्रातील आरोग्यविज्ञानाच्या अध्यापकांतही त्याचा अभ्यास होऊ लागला आहे. अशा वेळी त्याचे मूल्यमापन एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने होणे अगत्याचे आहे. हे संशोधन ज्या प्रश्नाचे उत्तर शोधते तो प्रश्न, आणि येथील आरोग्यसेवेला ज्याचे उत्तर हवे आहे तो प्रश्न, हे दोन्ही एकच आहेत काय? ही परीक्षा अमूर्त पातळीवर न करता एका ओळखीच्या ठिकाणाच्या आधारे करणे श्रेयस्कर ठरेल. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील खडवली हे गाव घेता येईल.

२

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा व वासिंद या स्थानकांच्या मध्ये, भातसा नदीच्या काठी खडवली वसले आहे. मुंबईची लोकल गाडी येथे थांबते. म्हणून नकाशावर पाहणाऱ्यास हे गाव महानगराचा भाग वाटते. स्थानकाबाहेर पडून थोडे अंतर चालले की भाताची खाचरे, गावठाणे आणि कातकरी-ठाकूर समाजाचे पाडे लागतात. कल्याण, भिवंडी आणि शहापूर या तालुक्यांत वीटभट्ट्या पुष्कळ आहेत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे बिऱ्हाडासह भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या गरोदर स्त्रीचे नाव एका गावच्या नोंदवहीत आहे ती बाळंत होते दुसऱ्याच गावच्या हद्दीत.

खडवली येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. शासकीय निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी वा आदिवासी प्रदेशात २०,००० लोकसंख्येमागे असे एक केंद्र, आणि अनुक्रमे ५,००० व ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे लागते. या व्यवस्थेत कोण कोण येतात ते पाहण्यासारखे आहे. केंद्रावर वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषध निर्माण अधिकारी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ. उपकेंद्रावर आरोग्यसेविका व आरोग्यसेवक. अलीकडच्या काळात त्यांच्या जोडीला समुदाय आरोग्य अधिकारी, जो महाराष्ट्रात बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर असून सहा महिन्यांचा जोडअभ्यासक्रम पुरा करून आलेला असतो. गावात आशा स्वयंसेविका, त्यांच्यावर गटप्रवर्तक, आणि दुसऱ्याच खात्याची अंगणवाडी सेविका. यांपैकी कोणी कायम सेवेत, कोणी कंत्राटावर, कोणी मानधनावर, तर कोणी कामाधारित मोबदल्यावर काम करतात.

आता एक प्रसंग कल्पावा. भट्टीवर जन्मलेले कमी वजनाचे मूल पाचव्या दिवशी दूध ओढेनासे होते. हे प्रथम त्याच्या आजीच्या ध्यानात येते. भट्टी आपल्या हद्दीत नसतानाही जवळच्या गावची आशा तेथे येते; मुलाचे अंग गार लागते हे तिला कळते. आरोग्यसेविका त्या वेळी लसीकरण सत्रात गुंतलेली आहे. समुदाय आरोग्य अधिकारी नवखा आहे. त्याने निर्णय घ्यावयाचा की वीस वर्षे त्या भागात काढलेल्या आरोग्यसेविकेची वाट पाहावयाची, याचा खुलासा कोणत्याही आदेशात त्याला सापडत नाही. वैद्यकीय अधिकारी दूरध्वनीवरून मूल पुढे पाठविण्यास सांगतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते. शहरातील रुग्णालयाच्या दारात मूल पोहोचते तेव्हा त्याच्यासोबत एक संदर्भचिठ्ठी असते, आणि अर्धवट भरलेले माता-बाल संरक्षण कार्ड असते. दूध ओढणे नेमके केव्हा थांबले, अंग केव्हापासून गार आहे, ही माहिती त्यांपैकी कशातही नाही. ती आशेला ठाऊक आहे. पण दारावरचा तरुण डॉक्टर तिला बाजूस उभे राहावयास सांगतो.

या कल्पित प्रसंगात कोणी कामचुकार नाही, कोणी अज्ञानीही नाही. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा ज्ञान आहे. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाताना गळते, आणि ते बहुधा खालून वर जाताना गळते. आरोग्यसेवेतील सहकार्याचा खरा प्रश्न येथे उभा राहतो. आंतरव्यावसायिक शिक्षणाचे संशोधन या गळतीविषयी काय सांगते?

३

या संशोधनाचा पहिला दोष त्याच्या मापनसाधनांत आहे. ह्यू बार व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिक्षणाच्या फलितांच्या सहा पायऱ्या कल्पिल्या आहेत : शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, त्याच्या अभिवृत्तीतील बदल, ज्ञान व कौशल्य, वर्तनातील बदल, संस्थेच्या कार्यपद्धतीतील बदल आणि शेवटी रुग्णाला होणारा लाभ. ही वर्गवारी उपयुक्त आहे. पण तिच्यामुळेच हेही स्पष्ट होते की, प्रसिद्ध होणारे बहुसंख्य अभ्यास पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच थांबतात. पार्सेल आणि ब्लाय यांनी १९९९ मध्ये तयार केलेली १९ विधानांची प्रश्नावली या क्षेत्रात सर्वत्र वापरली जाते. एकत्र शिकण्याविषयी विद्यार्थ्याच्या मनाची तयारी किती आहे ते तीवरून कळते. कार्यशाळेपूर्वी एकदा व नंतर एकदा ती भरून घेतली की अंकांतील फरक मिळतो, आणि फरक मिळाला की लेख तयार होतो.

परंतु सहकार्याविषयीचे मत आणि सहकार्याची कृती या भिन्न वस्तू आहेत. उपरोक्त रुग्णालयाच्या दारातील डॉक्टरास विद्यार्थीदशेत ही प्रश्नावली दिली असती तर त्याने बहुधा प्रत्येक विधानास संमतीच दर्शविली असती. परिचारिकेचा आणि आरोग्यसेविकेचा आदर करावा हे कोणाला मान्य नाही? प्रश्न रात्री दोन वाजता, वीस रुग्ण वाट पाहत असताना, पायात साध्या चपला घातलेली एक बाई काही सांगू पाहते तेव्हा तो थांबतो की नाही, हा आहे. प्रश्नावली त्या क्षणापर्यंत पोहोचत नाही.

अधिक काटेकोर संशोधनाचा निर्वाळा काय आहे? कॉक्रेन संस्थेच्या पद्धतीने झालेल्या पहिल्या समीक्षेत, विसाव्या शतकाच्या अखेरीस, कसोटीस उतरणारा एकही अभ्यास आढळला नव्हता. २००८ च्या समीक्षेत असे ६ अभ्यास मिळाले आणि २०१३ च्या समीक्षेत १५. या १५ पैकी ७ अभ्यासांत अनुकूल परिणाम दिसला, ४ मध्ये संमिश्र निष्कर्ष निघाला आणि ४ मध्ये काहीच फरक आढळला नाही. अभ्यासांचे विषय व पद्धती इतक्या भिन्न होत्या की त्यांवरून सर्वसामान्य सिद्धांत मांडणे समीक्षकांना शक्य झाले नाही.

या आकड्यांवरून हे शिक्षण निरुपयोगी आहे असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. शस्त्रक्रियागृह, तातडीचा विभाग, मधुमेहाची सेवा अशा ठिकाणी जे अनुकूल निष्कर्ष मिळाले ते मोलाचे आहेत, आणि त्यांचे एक समान लक्षण ध्यानात घेण्यासारखे आहे. तेथे शिक्षण घेणारे लोक प्रत्यक्ष एकत्र काम करीत होते, आणि त्यांचे काम ठरावीक होते. ज्यांना उद्याही त्याच टेबलाभोवती उभे राहावयाचे आहे त्यांच्या शिक्षणास फळ आले. याउलट महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना दोन दिवस एकत्र बसविण्याच्या उपक्रमाविषयी तितक्याच खात्रीने बोलता येईल असा पुरावा तुटपुंजा आहे. तथापि अध्यापकवर्गाचा उत्साह ओसंडतो तो मुख्यतः याच दुसऱ्या प्रकारात, कारण तो योजावयास सोपा आणि मोजावयास त्याहून सोपा आहे.

४

दुसरा दोष अधिक खोल आहे, आणि तो ‘व्यवसाय’ या शब्दातच दडलेला आहे. ज्याच्यापाशी पदवी वा पदविका आहे, ज्याचे नाव एखाद्या परिषदेच्या नोंदवहीत आहे, तो व्यावसायिक. आंतरव्यावसायिक म्हणजे अशा नोंदणीकृत लोकांमधील. ही मर्यादा मान्य केली की खडवलीच्या पथकातील आशा आपोआप बाहेर पडते. कारण शासनाच्या दप्तरी ती ‘स्वयंसेविका’ आहे. सुईण तर त्याहून दूर राहते. म्हणजे ज्या दोघींच्या हाती घटनेचे प्रथम ज्ञान असते त्याच संशोधनाच्या कक्षेत येत नाहीत.

या संदर्भात एका जुन्या दस्तऐवजाचे स्मरण उद्बोधक ठरेल. १९४६ च्या भोर समितीने अल्पकालीन योजनेत ४०,००० लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जे पथक सुचविले त्यात २ डॉक्टर, ४ सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि ४ प्रसाविका यांच्याबरोबर ४ प्रशिक्षित दायांचाही समावेश होता. समितीची दृष्टी सर्वस्वी निर्दोष होती असे नव्हे. पण पथक मोजताना तिने दाईला त्यात मोजले होते. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने हिवताप, देवी, कुटुंबनियोजन अशा एकेका कामापुरत्या नेमलेल्या सेवकांचे बहुउद्देशीय सेवकांत रूपांतर सुचविले आणि आजची आरोग्यसेविका त्यातून घडली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा आणली. प्रत्येक वेळी पथकात नवा मनुष्य आला. पण त्याचे म्हणणे कोणी ऐकावयाचे आणि त्याने स्वतःच्या बुद्धीने काय ठरवावयाचे, हे मात्र संदिग्धच राहिले.

पाश्चात्त्य संशोधनाने अधिकाराच्या प्रश्नाकडे अजिबात पाहिले नाही असे म्हणता येणार नाही. पॅराडिस आणि व्हाइटहेड यांनी १९५४ ते २०१३ या काळातील आंतरव्यावसायिक शिक्षणविषयक लेखांची छाननी करून २०१५ मध्ये हेच दाखवून दिले की, सत्ता आणि संघर्ष यांचा विचार या लेखांत क्वचितच होतो. क्षेत्राच्या आतूनच झालेली ही टीका दखलपात्र होय. परंतु तेथे अधिकाराची उतरंड मुख्यतः व्यवसाय, वर्ग आणि स्त्री-पुरुषभेद यांची आहे. महाराष्ट्रात तिच्यावर आणखी थर चढतात. प्रसूतीचे काम अशुद्ध मानून ते विशिष्ट जातींच्या स्त्रियांकडे सोपविणाऱ्या समाजात सुईणीचे ज्ञान आणि सुईणीचे स्थान यांची फारकत शतकानुशतके होती. ती एका शासकीय आदेशाने मिटत नाही. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांच्या पदवीधरांतील परस्पर अविश्वास हा दुसरा थर. कायम आणि कंत्राटी हा तिसरा. महाराष्ट्रातील आशांनी २०२३ व २०२४ मध्ये मोबदल्यासाठी संप केले, त्यांचा विचार सहकार्याच्या अभ्यासाबाहेर ठेवता येणार नाही. ज्याचे वेतनच पथकाचा घटक म्हणून ठरलेले नाही त्याच्याकडून पथकभावनेची अपेक्षा करणे हा एक प्रकारचा विरोधाभास आहे.

आणि भाषेचा थर तर रोजचाच आहे. आजी आपल्या कातकरी बोलीत सांगते, आशा मराठीत नोंद करते, रुग्णालयाचा कागद इंग्रजीत लिहिला जातो. जे एका भाषेतून दुसरीत जाताना टिकत नाही ते उपचारात उतरत नाही. परस्परांकडून शिकणे या शब्दप्रयोगात एक समान भाषा गृहीत धरलेली आहे, आणि त्या गृहीताची तपासणी या वाङ्मयात अभावानेच आढळते.

५

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार निराळ्या नावाने आणि निराळ्या मार्गाने झालेला आहे. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला तेव्हा गावोगाव प्रशिक्षित आरोग्यसेविका राहतील अशी त्यांची प्रारंभीची कल्पना होती. ती फलद्रूप झाली नाही. बाहेरून आलेली एकटी तरुण स्त्री गावात रुजेना. त्यानंतर गावाने निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर आणि दलित समाजातील स्त्रियांना आरोग्यकार्यकर्त्या म्हणून तयार करण्यात आले. त्या नियमितपणे केंद्रावर येत, शिकत आणि आपल्या गावचे अनुभव सांगत. केंद्राचे फिरते पथक त्यांच्या गावी जाई. अपयशाची कबुली देऊन पथकाची रचना बदलण्याचे हे धैर्य अनुकरणीय आहे. शिक्षण येथे एकदाच उरकण्याचा विधी नव्हता, आणि शिकविणारा व शिकणारा यांच्या भूमिका आलटून-पालटून येत होत्या.

गडचिरोली येथील प्रयोगाने आणखी पुढचे पाऊल टाकले. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातीलच कार्यकर्तीला नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकविले, आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले. येथे सहाव्या पायरीवरचे, म्हणजे रुग्णाच्या लाभाचे, मोजमाप आहे. पण त्या प्रयोगाचे मर्म आकड्याहून वेगळे आहे. जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून, आईवडिलांच्या संमतीने, जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचा निर्णय त्या कार्यकर्तीच्या हाती सोपविला होता. डॉक्टरने आपल्या अधिकाराचा एक भाग मोकळा केला होता.

हा प्रयोग राष्ट्रीय धोरणात आला तेव्हा काय घडले, हे अभ्यासकांनी बारकाईने पाहावे. २०११ पासून आशांनी नवजात बालकाच्या घरी ठरावीक दिवशी भेटी द्याव्या अशी योजना देशभर लागू झाली. संस्थेत प्रसूती झाल्यास ६ भेटी, घरी झाल्यास ७. भेटी आल्या, तराजू आला, तापमापक आला. इंजेक्शनचा निर्णय मात्र आशेच्या हाती आला नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी, रुग्णालयात नेणे अशक्य असल्यास, तो आरोग्यसेविकेला दिला. अधिकार इतक्या सहज वाटू नये यास सबळ कारणे असू शकतात; प्रशिक्षणाचा व देखरेखीचा जो दर्जा ३९ गावांत राखता येतो तो सबंध देशात राखणे दुर्घट आहे, आणि चुकीच्या इंजेक्शनची किंमतही बालकच मोजते. तथापि एवढे निश्चित की, कार्यपद्धती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येते, पण तिच्यातील विश्वास सोबत येतोच असे नाही.

या दोन्ही प्रयोगांसही समीक्षेतून सूट देता येणार नाही. दोन्हींच्या केंद्रस्थानी असामान्य योग्यतेची डॉक्टर दांपत्ये होती. अधिकार खाली सोडण्याचा निर्णय वरूनच झाला होता. असे डॉक्टर नसतील तेथे, बदलीवर आलेला वैद्यकीय अधिकारी दोन-तीन वर्षांत निघून जातो तेथे, हाच विश्वास कोणत्या नियमाने टिकवावयाचा? जामखेड व गडचिरोली यांनी बालमृत्यूची, आजारांची मोजदाद केली. गावातील बाईचे म्हणणे डॉक्टरांनी ऐकावे ही सवय कशी लागली, याचे तितकेच पद्धतशीर संशोधन झाले असते तर त्याचा लाभ खडवलीसारख्या सामान्य केंद्रांस अधिक झाला असता.

६

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, दोन्ही प्रश्न एक नाहीत. प्रचलित संशोधन विचारते, एकत्र शिकल्याने मते बदलतात काय? येथील सेवेला हवे आहे ते याचे उत्तर, की ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कोठे व का गळते, आणि ती गळती शिक्षणाने किती थांबते. पहिल्या प्रश्नासाठी वर्गखोली पुरते. दुसऱ्यासाठी संशोधकास संदर्भचिठ्ठीच्या मागोमाग भट्टीपासून रुग्णालयाच्या दारापर्यंत प्रवास करावा लागेल.

अशा अभ्यासासाठी साधने अगदीच नाहीत असे नव्हे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या व भौतिकोपचार अशा अनेक शाखा एकत्र आहेत, आणि अमेरिकेतील ‘फायमर’ संस्थेच्या सहकार्याने त्याने आंतरव्यावसायिक शिक्षणाचे नेतृत्व करणारे अध्यापक घडविण्याचा उपक्रमही केला. मात्र औषधनिर्माणशास्त्राचे अभ्यासक्रम आणि आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम त्याच्या कक्षेबाहेर आहेत; आशेचे प्रशिक्षण तर कोणत्याच विद्यापीठाचे नाही. वैद्यकीय विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घ्यावीत अशी तरतूद अलीकडे पदवी अभ्यासक्रमात आली आहे. त्या कुटुंबांच्या दारी विद्यार्थ्याला नेणारी आशा केवळ वाटाड्या न राहता त्याची परीक्षक झाली, म्हणजे विद्यार्थ्याने तिच्याकडून काय शिकले याविषयी तिचा अभिप्राय गुणांत धरला गेला, तर परस्परांकडून शिकण्याच्या व्याख्येस प्रथमच खरा अर्थ येईल. संशोधनासही मग मोजण्याजोगी वस्तू मिळेल : आशेने सांगितलेली किती माहिती रुग्णालयाच्या कागदावर उतरली, आणि उपचाराचा पुढे काय परिणाम झाला ही माहिती किती वेळा परत आशेपर्यंत आली.

ही दुसरी बाब किरकोळ समजली जाऊ नये. पुढे पाठविलेले मूल जगले की नाही, हे पाठविणारीला बहुधा व्यवस्थेकडून कळत नाही. पाड्यावर परत आलेल्या आईकडून कळते. ज्या पथकात खालून वर गेलेल्या शब्दास वरून उत्तर येत नाही त्यास पथक म्हणणे हा भाषेचा सैल वापर होय. आंतरव्यावसायिक शिक्षणाच्या संशोधनाने आपली परिभाषा पुष्कळ परिष्कृत केली आहे. आता तिची कसोटी परिषदेच्या व्यासपीठावर लागणार नसून, भातसेच्या काठच्या एखाद्या भट्टीवर, दूध न ओढणाऱ्या मुलाविषयी पहिला शब्द बोलणाऱ्या बाईचे म्हणणे शेवटच्या डॉक्टरपर्यंत अखंड पोहोचते की नाही, यावर लागणार आहे.